तोंडचं पाणी पळतं, तेव्हा नेमकं काय होतं?

नागपूरच्या मेडिकल कॉलेजमधला डिसेक्शन हॉल डोळ्यांसमोर आणा. फॉर्मेलिनचा डोळ्यांना झोंबणारा वास, लांब टेबलं, त्यांच्यापलीकडे भिंतीला पाठ लावून उभे असलेले पांढरे एप्रन. फर्स्ट एमबीबीएसची ॲनाटॉमीची व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, चालू आहे. स्टीलच्या ट्रेमध्ये तपकिरी पडलेलं मूत्रपिंड, आणि त्याच्या माथ्यावर टोपीसारखा बसलेला एक बारका तुकडा. बाहेरगावाहून आलेले परीक्षक, ज्यांना सगळी बॅच 'एक्स्टर्नल' म्हणते, चिमट्याने तो तुकडा दाखवतात.

"हे काय आहे?"

"सुप्रारीनल, सर."

"कोणत्या साइडची?"

संपलं! मुलाचं डोकं कोरं. रात्री दोनला हेच पान त्याने वाचलंय, हिरव्या पेनाने खुणाही केल्यात. पान दिसतंय, खुणा दिसताहेत, अक्षरं मात्र दिसत नाहीत. तोंडाला कोरड पडलीय, तळहात ओले झालेत, पोटात गोळा आलाय, छातीत धडधडतंय.

आता यातला योगायोग बघा. ज्या ग्रंथीबद्दल त्याला विचारलंय, तशा दोन जिवंत ग्रंथी त्या क्षणी त्याच्याच पाठीत, शेवटच्या बरगड्यांच्या आड, जीव तोडून काम करताहेत. कोरड, घाम, धडधड, पोटातला गोळा आणि डोक्यातला अंधार या सगळ्या कारभारात त्यांचा हात आहे. प्रश्न ट्रेमध्ये आहे आणि त्याचं जिवंत प्रात्यक्षिक मुलाच्या एप्रनच्या आत चालू आहे!

या सुप्रारीनल ऊर्फ ॲड्रीनल ग्रंथीचं वजन किती? चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहात घालतो त्या चमचाभर साखरेइतकं. पण एवढ्याशा तुकड्यात खरं तर दोन ग्रंथी आहेत, एकीच्या पोटात दुसरी. बाहेरची साल कॉर्टिसोल बनवते, आतला गर ॲड्रीनलिन बनवतो. दोघींचं कुळही वेगळं. आतला गर म्हणजे मुळात मज्जातंतूच आहे! गर्भात, पाठीच्या कण्याजवळ जन्मलेल्या काही पेशी प्रवास करत इथे येतात, सालीत शिरतात आणि मज्जातंतू व्हायच्या ऐवजी ग्रंथी होतात. शार्क माशात हे दोन भाग अजूनही वेगवेगळे राहतात. आपल्यात ते एकत्र का आले असतील? एक मोठा फायदा तर दिसतोच. सालीतून झिरपणारं कॉर्टिसोल आतल्या गरावरून वाहतं, आणि नॉरॲड्रीनलिनचं ॲड्रीनलिन करणारं एन्झाइम तिथे भरपूर बनतं ते त्याच्याच जोरावर. शेजारणीने विरजण दिल्याशिवाय हिच्याकडे दही लागत नाही, असा हा शेजार.

आणि या दोघींच्या कामाचा वेग? इथे मला नागपूरच्या सकाळचा पोह्यांचा ठेला आठवतो. ॲड्रीनलिन म्हणजे परातीत तयार असलेले पोहे. ते आधीच बनवून बारीक कुप्यांत भरून ठेवलेलं असतं. मेंदूकडून निरोप आला, की कुप्या फुटतात आणि काही सेकंदांत माल रक्तात. कॉर्टिसोल मात्र साठवता येत नाही. ऑर्डर आल्यावर तवा तापवायचा, असा तो प्रकार. मेंदूच्या तळाशी असलेला, बदामाएवढा हायपोथॅलॅमस वाटाण्याएवढ्या पिट्यूटरीला सांगतो, पिट्यूटरी रक्तातून चिठ्ठी पाठवते, मग ॲड्रीनलची साल कोलेस्टेरॉलपासून कॉर्टिसोल बनवायला घेते. रक्तात ते शिगेला पोचायला वीस-तीस मिनिटं लागतात. हा वीस-तीस मिनिटांचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो फार कामाचा आहे.

आधी पहिले काही सेकंद बघू. शरीराकडे व्हायवासाठी वेगळी योजना नाही. त्याच्याकडे संकटासाठी एकच जुनी, कसून घोटलेली योजना आहे, आणि ती झाडीतून वाघ समोर आला तर करायच्या गोष्टींची आहे. पेंचचं जंगल नागपूरपासून दोन तासांवर आहे, त्यामुळे ही कल्पना आपल्याला अवघड नाही. वाघ दिसल्यावर काय हवं? पळायला किंवा झुंजायला मांड्यांत रक्त हवं, रक्तात साखर हवी, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या हव्यात. काय नको? जेवण पचवणं नको, लाळ नको, बोटांच्या टोकांना फुकट रक्तपुरवठा नको. तिथे जखम झाली तर उलट कमी रक्त वाहिलेलं बरं.

आता आपली मराठी ऐका. तोंडचं पाणी पळालं. हातपाय गार पडले. डोळे विस्फारले. अंगावर काटा आला. पोटात गोळा आला. घाम फुटला. आपण यांना वाक्प्रचार म्हणतो आणि शाळेत अर्थ सांगून वाक्यात उपयोग करायला लावतो. पण यातला प्रत्येक शब्द शब्दशः खरा आहे! लाळग्रंथींचा पातळ पाझर खरोखर आटतो आणि तोंडात राहते ती थोडी, चिकट लाळ. बोटांकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या खरोखर आवळतात, म्हणून हात गार पडतात. ॲड्रीनलिनचं नावही कुणाला माहीत नव्हतं, तेव्हा आजीपणजींनी त्याची लक्षणं भाषेत नोंदवून ठेवली होती.

पाणी पळण्याची ही गोष्ट तर आपल्याकडे एकेकाळी न्यायनिवाड्यात वापरली जायची. धर्मशास्त्रात सांगितलेल्या दिव्यांत तांदळाचं एक दिव्य आहे. चोरीचा संशय असलेल्याला तांदूळ चावायला द्यायचे आणि पिंपळाच्या पानावर थुंकायला सांगायचं. थुंकीत रक्त दिसलं की तो दोषी. भ्यायलेल्या माणसाचं तोंड कोरडं, कोरड्या तोंडात कच्चा तांदूळ हिरड्यांना खरचटणारच. यातला अन्याय तुमच्या लक्षात आला असेलच: निर्दोष माणूसही भितो. एक्स्टर्नलसमोर अडखळणारा प्रत्येक मुलगा अभ्यास न केलेला नसतो, तसंच.

तळहाताचं काय? नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पाठ भिजून चिंब होते, ती शरीर थंड करायला. तळहात आणि तळपाय यांच्या घामग्रंथी मात्र मुख्यतः उष्णतेला नाही, भावनेला उत्तर देतात. म्हणून डिसेंबरच्या थंडीतही व्हायवाच्या रांगेत हात ओले होतात. याचा उपयोग काय असेल? नोट मोजताना बोटाला थुंकी लावतो, तोच. किंचित ओलसर कातडीची पकड चांगली बसते. फांद्या धरून जीव वाचवणाऱ्या पूर्वजांकडून आलेली ही देणगी आता पेन निसटवते आणि एप्रनला पुसावी लागते.

पोटातली गडबड आणखी मजेशीर आहे. जठराचं काम थंडावतं, पण मोठ्या आतड्याला घाई होते. मेंदूत संकटाची पहिली चिठ्ठी ज्या रेणूची असते, त्याच घराण्याचे रेणू आतड्यातही काम करतात. आणि आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक चेतापेशी आहेत, म्हणजे निरोप समजून घ्यायला तिथे माणसं भरपूर. परीक्षेच्या सकाळी हॉस्टेलच्या संडासापुढे लागणारी रांग ही या संवादाची साक्ष आहे.

साखरेची गोष्ट मला या सगळ्यात सर्वात आवडते. हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. 'लढा किंवा पळा' ही कल्पना त्यांचीच. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने नऊ वैद्यकीय विद्यार्थ्यांची लघवी तपासली. एरवी कुणाच्याच लघवीत साखर नसायची. अवघड परीक्षेनंतर नऊपैकी चौघांच्या लघवीत साखर सापडली. सोप्या परीक्षेनंतर एकाच्या. यकृताने पळण्यासाठी इतकी साखर रक्तात ओतली, की मूत्रपिंडालाही ती आवरेना. आणि बसल्या जागी पेपर लिहिणारा मुलगा ती खर्च कुठे करणार? पुढे १९१३ सालच्या एका चुरशीच्या फुटबॉल सामन्यानंतर कॅनन यांनी २५ खेळाडू तपासले. बारा जणांच्या लघवीत साखर. पण त्या बारांतले पाच जण राखीव होते, मैदानात उतरलेच नव्हते! एका प्रेक्षकालाही तपासलं. त्याच्याही लघवीत साखर, दुसऱ्या दिवशी गायब. परीक्षा केंद्राबाहेर कडुनिंबाखाली पाण्याची बाटली धरून तीन-तीन तास उभे राहणारे आईवडील आठवा. पेपर फक्त आत बसलेलाच देत नसतो.

आता त्या वीस-तीस मिनिटांकडे येऊ, आणि त्या कोऱ्या डोक्याकडे.

ॲड्रीनलिन सहजासहजी मेंदूत शिरत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत त्याला अडवते. कॉर्टिसोल मात्र स्निग्ध जातीचं, ते भिंतीतून आरपार जातं. आणि मेंदूत ते कुठे जाऊन चिकटतं? १९६८ साली ब्रूस मॅकएवन यांनी उंदरांत दाखवलं, की या जातीच्या संप्रेरकाला पकडणाऱ्या जागा हिप्पोकॅम्पसमध्ये खच्चून भरल्यात. हिप्पोकॅम्पस म्हणजे आठवणींचं दप्तर सांभाळणारा भाग. संकटाच्या रसायनाचा पत्ता थेट आठवणींच्या दारावर!

मग १९९८ साली दोमिनिक द केर्व्हेन आणि सहकाऱ्यांनी एक सुरेख प्रयोग केला. पाण्याच्या हौदात लपवलेला चौथरा शोधायला उंदरांना शिकवलं. दुसऱ्या दिवशी परीक्षा. परीक्षेआधी काहींना विजेचा हलका झटका दिला. झटका दोन मिनिटं आधी दिला, तर उंदीर बरोबर चौथऱ्याकडे गेले. चार तास आधी दिला, तरी बरोबर गेले. तीस मिनिटं आधी दिला, तेव्हा मात्र चौथरा कुठे आहे ते त्यांना आठवेना. शिकलेलं पुसलं गेलं नव्हतं, फक्त काढता येत नव्हतं. दप्तर जागेवर होतं, कुलूप लागलं होतं. दोन वर्षांनी माणसांवर प्रयोग झाला: आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द आठवायच्या तासभर आधी कॉर्टिसोनची गोळी दिली, आणि शब्द कमी आठवले.

तीस मिनिटं! व्हायवाच्या बाहेरच्या व्हरांड्यात काय घडतं, ते आता नव्या नजरेने बघा. रोल नंबरप्रमाणे पाच-पाच जण आत जातात. उरलेले बाकावर. आतून एकजण बाहेर येतो, घोळका त्याला घेरतो: "काय विचारलं बे?" तो म्हणतो, "सुप्रारीनल. वाट लावली." ऐकणाऱ्याच्या हायपोथॅलॅमसमधून चिठ्ठी सुटली. वीस-तीस मिनिटांनी त्याचा नंबर येतो, नेमका कॉर्टिसोल शिगेला असताना. उंदरांचं सगळंच माणसांना लागू होत नाही, हे मान्य. पण ऐनवेळच्या या घोळक्यातून उठून दहा पावलं दूर जाऊन बसावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथवरचा हिशेब मिनिटांचा होता. परीक्षा मात्र महिनाभर चालते. तेव्हा काय होतं?

ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि रोनाल्ड ग्लेसर हे दांपत्य होतं. ती मानसशास्त्रज्ञ, तो विषाणूंचा आणि प्रतिकारशक्तीचा अभ्यासक. मन आणि रोग यांचा संबंध शोधायचा तर माणसांना मुद्दाम संकटात कसं टाकणार? त्यांना उत्तर कॉलेजातच मिळालं. वैद्यकीय विद्यार्थ्यांवरचं संकट तर विद्यापीठच आणतं, आणि तारीख आधी छापून! आपल्याकडे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं वेळापत्रक लागतं, तसंच. १९८२ पासून दहा वर्षं ते दरवर्षी मुलांचं रक्त घेत राहिले, एकदा निवांत दिवसांत, एकदा तीन दिवसांच्या परीक्षेत. परीक्षेत विषाणूंनी ग्रासलेल्या पेशींना मारणाऱ्या 'नॅचरल किलर' पेशींचा जोर उतरलेला दिसे. या पेशींना हुशारी देणारं इंटरफेरॉनही घटलेलं.

आणि एक कोडं निघालं. लहानपणी शरीरात शिरून कायमचे दडून बसणारे काही विषाणू असतात, ओठावर फोड आणणारा हर्पिस त्यांतलाच. त्यांच्याविरुद्धच्या अँटीबॉडी परीक्षेच्या काळात वाढलेल्या सापडल्या. वाढल्या म्हणजे चांगलंच की! नाही. पहारेकरी पेंगले, म्हणून कोंडलेला चोर उठला. चोर उठला, म्हणून गावभर आरडाओरडा झाला. वाढलेल्या अँटीबॉडी हा तो आरडाओरडा. फायनलच्या तोंडावर ओठाच्या कडेला पाण्याने भरलेल्या फोडांचा झुबका का येतो, याचं हे उत्तर.

पण सगळ्यात थक्क करणारा प्रयोग त्याच विद्यापीठात दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांवर झाला आणि १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या टाळूवर, विद्यार्थ्यांच्या संमतीने, साडेतीन मिलिमीटरची गोल जखम केली. मसुरीच्या डाळीएवढी म्हणा. एक उन्हाळ्याच्या सुटीत आणि दुसरी, टाळूच्या दुसऱ्या बाजूला, मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. मग रोज मोजणी. माणूस तोच, तोंड तेच, जखम तेवढीच. सुटीतली जखम साधारण आठ दिवसांत भरली. परीक्षेतली भरायला जवळजवळ अकरा दिवस लागले. आणि अकरापैकी एकाचीही जखम परीक्षेच्या काळात सुटीइतक्या लवकर भरली नाही. एकाचीही नाही! दुरुस्तीची पहिली हाक देणाऱ्या एका रेणूची निर्मिती परीक्षेत दोन-तृतीयांशाने घटलेली होती.

"मनाचे खेळ आहेत रे, मनावर घेऊ नकोस," असं आपण मुलांना किती सहज सांगतो. टाळूवरची जखम मोजपट्टीने मोजलेली आहे. हे मनाचे खेळ नाहीत.

गंमत म्हणजे हे सगळं बघायची साधनं या मुलांच्या हातातच असतात. फिजिओलॉजीच्या प्रॅक्टिकलला ती स्वतःचं बोट टोचतात, काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरवतात, लेशमन स्टेनने रंगवतात आणि पांढऱ्या पेशी मोजत बसतात. त्यांतल्या नारिंगी दाण्यांच्या इओसिनोफिल पेशी आधीच दुर्मीळ, त्या सापडल्या की बाकावर आनंद होतो. कॉर्टिसोल वाढलं, की काही तासांत त्या रक्तातून आणखी कमी होतात. ॲड्रीनल नीट काम करते की नाही, हे ताडायला बोस्टनच्या जॉर्ज थॉर्न यांनी १९४८ साली हीच मोजणी वापरली होती. तेव्हा प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी इओसिनोफिल सापडत नसल्याने रडकुंडीला आलेल्या मुलाला कुणीतरी सांगायला हवं: बाबा, त्या तूच पळवल्या असशील!

मग हे यंत्र आपल्या मुळावरच उठलंय का? अजिबात नाही. थोडा वेळ आलेला ताण प्रतिकारशक्तीला उलट कामाला लावतो. रक्तातल्या पेशी जिथे जखम व्हायची शक्यता, त्या कातडीसारख्या जागी तैनात होतात. बिघडतं ते आठवडेच्या आठवडे हीच तैनाती चालू ठेवल्यावर, आणि झोप कापल्यावर. कारण दिवसभराचं वाचलेलं नीट लावून ठेवायचं काम मेंदू झोपेतच करतो. आणि धडधडीकडे कसं बघावं यानेही फरक पडतो. २०१० साली जेरेमी जेमिसन यांनी अमेरिकेतली जीआरई ही प्रवेशपरीक्षा देणाऱ्या काही विद्यार्थ्यांना आधी एवढंच सांगितलं, की परीक्षेत छाती धडधडली तर वाईट नाही, त्याने गुण वाढूही शकतात. त्यांचे गणिताचे गुण, हे न सांगितलेल्या मुलांपेक्षा जास्त आले. आधी सरावात, आणि पुढे खऱ्या परीक्षेतही.

आपला मुलगा एव्हाना व्हायवातून बाहेर आलाय. मेडिकल चौकातल्या टपरीवर चहाचा पहिला घोट घेतो, आणि कपाळावर हात मारतो. उजवी त्रिकोणी, डावी चंद्रकोरीसारखी! कुलूप उघडलं होतं.

आणि आता ते उत्तर तो मरेपर्यंत विसरणार नाही. कारण जे रसायन आठवण काढताना आडवं येतं, तेच त्या क्षणाची नवी आठवण पक्की कोरून ठेवतं. ॲड्रीनलिनला मेंदूत शिरता येत नाही, तरी ते व्हेगस नावाच्या लांबलचक मज्जातंतूमार्फत आत निरोप धाडतं: हे जपून ठेव. नागपूरचं मेडिकल १९४७ साली सुरू झालं. तिथे शिकून गेलेले किती डॉक्टर गावोगावी बसलेत. पुढच्या वेळी आपल्या डॉक्टरांकडे जाल, तेव्हा गर्दी नसेल तर त्यांना विचारा, व्हायवात कोणता प्रश्न चुकला होता? प्रश्न सांगतील, उत्तर सांगतील, आणि परीक्षक टेबलाच्या कोणत्या बाजूला बसले होते तेही कदाचित सांगतील. विचारून बघाच.